मिस्त्रींची बाकं

त्या बागेत शिट्टीकाकूंना न घाबरणारं माणूस शोधूनही सापडलं नसतं. अंगानं किरकोळ, गळ्यात दोरीला अडकवलेली शिट्टी, आणि आवाज असा की त्या कारंज्यापाशी ओरडल्या तर फाटकातून आत येणारा माणूस दचकून स्वतःच्या मागं बघायचा. खरं तर त्यांचं काम एवढंच होतं, फाटक उघडायचं, फाटक लावायचं आणि अधेमधे एक चक्कर मारायची. पण बागेतल्या बाकांची राखण त्यांनी कुणी न सांगता अंगावर घेतली होती आणि पगाराच्या कामापेक्षा ती जास्त मनापासून करत होत्या.

बाकावर पाय ठेवून कुणी बुटाची नाडी बांधायला लागला की काकू हजर. "का हो, घरी जेवायच्या टेबलावर पण असाच ठेवता का पाय?" एका कॉलेजातल्या मुलानं चावीच्या टोकानं फळीवर आपलं नि मैत्रिणीचं नाव कोरलं, तर काकूंनी त्याला पॉलिश पेपर आणून दिला आणि अक्षर न् अक्षर घासून जाईपर्यंत डोक्यावर उभ्या राहिल्या. सोबतची मुलगी आधी रडवेली झाली, मग तिला हसू आवरेना. पुढं त्या दोघांचं लग्न झालं नि ती मिठाई घेऊन काकूंना भेटायला आली. काकूंनी डबा घेतला आणि म्हणाल्या, "आता स्वतःच्या भिंती आहेत ना? तिथं कोरा काय कोरायचं ते."

लोक म्हणायचे, बाईला बाकांचं वेड आहे. त्यात वेडबिड काही नव्हतं. ती बाकं त्यांच्या नवऱ्यानं केलेली होती.

काकूंच्या नवऱ्याला सगळे मिस्त्री म्हणायचे. बागेच्या मागच्या बाजूला पत्र्याची एक लांबट शेड होती, तोच बागेचा कारखाना. ओतलेले लोखंडी पाय बाहेरून यायचे, बाकी सगळं मिस्त्रींच्या हातचं. फळ्या कापायच्या, रंधायच्या, कडा गोल करायच्या, तेल पाजायचं, मग बोल्टनं आवळायच्या. दरवर्षी थंडी सुरू झाली की ते एकेक बाक उचलून शेडमध्ये न्यायचे, सडलेली फळी बदलायचे, बोल्ट साफ करून परत आणून बसवायचे. बाक जागेवरून सुटं करायचं तर त्याच्याखाली पोतं अंथरून उताणं झोपावं लागायचं. मिस्त्री असे झोपले की बाहेर फक्त त्यांचे पाय दिसायचे, आणि आतून बारीक आवाजात कसलीशी चाल गुणगुणल्याचं ऐकू यायचं. चाल एकच, शब्द कधीच नाहीत.

लग्न होऊन काकू या बागेत आल्या त्या तण काढायच्या रोजंदारीवर. तेव्हा त्या कुणाच्या काकू नव्हत्या, शिट्टीही नव्हती. मिस्त्री नवीन बाक बसवायचे तेव्हा त्यांना हाक मारायचे. "अगं, ये. बसून बघ." काकू बसायच्या. मिस्त्री वाकून खालून बघायचे आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणायचे, "काही कळेना. वजनाचं माणूस पाहिजे याला. जरा जेवत जा." माणूस मुलखाचा अबोल, पण वर्षातून दोन-चार वेळा असं काहीतरी बोलायचा, आणि त्यावर काकूंचं वर्ष निघायचं.

बागेच्या मागच्या भिंतीला लागून नोकरमाणसांसाठी दोन-दोन खोल्यांची घरं होती. त्यातल्या एका घरात त्यांचा संसार झाला. एकच मुलगी. ती शिकली, लग्न होऊन दूरच्या शहरात गेली. मिस्त्री निवृत्त झाले. त्यांच्या मागोमाग कारखानाही बंद झाला, कारण आता बाकं तयार मिळायला लागली होती आणि मिस्त्रींच्या जागी दुसरा माणूस घ्यायची कुणाला गरज वाटली नाही. शेडमध्ये खताची पोती आणि फुटक्या कुंड्या येऊन पडल्या. घर मात्र राहिलं, कारण तोवर काकू कायम झाल्या होत्या आणि फाटकाच्या किल्ल्या त्यांच्याकडे आल्या होत्या.

मिस्त्रींचं विसरणं आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. अबोल माणूस शब्द विसरला तर कळणार कसं? चहा पिऊन झाल्यावर ते पुन्हा चहा मागायचे. काकू म्हणायच्या, "आत्ता तर झाला की." मिस्त्री म्हणायचे, "मग दुसरा कर." काकूंना ती थट्टा वाटायची. एकदा मिस्त्रींनी चपला धुऊन ताटांच्या शेजारी वाळत ठेवल्या. एकदा मुलीचा फोन आला तर बराच वेळ नीट बोलले, फोन ठेवला आणि विचारलं, "कोण होती गं? चांगली वाटली पोरगी." त्या दिवशी काकू मोरीत जाऊन नळ सोडून रडल्या.

डॉक्टरांनी तपासलं, चित्रं काढायला लावली, वार विचारले. मिस्त्रींना वार सांगता आला नाही. डॉक्टर काकूंना बाजूला घेऊन म्हणाले, "हे वाढत जाणार. गोळ्यांनी जरा हळू होईल, एवढंच. एकटं सोडू नका."

एकटं सोडू नका म्हणणं सोपं होतं. काकूंनी शेजारच्या माळीणबाईंना सांगून ठेवलं. स्वतः दर चकरेला घरात डोकावून जायच्या. दुपारी बाग बंद असायची. तेवढा वेळ दोघं जेवायची आणि आडवी व्हायची. पहाटेपासून उभ्या असलेल्या काकूंना डोकं टेकताच झोप लागायची.

त्याच सुमाराला बागेतली बाकं खिळखिळी व्हायला लागली.

आधी कारंज्याजवळच्या बाकाचा एक बोल्ट गेला. मग दोन बाकांच्या पाठीच्या फळ्या गेल्या. मग एकदा दुपारी चारला काकू फाटक उघडून आत आल्या तर गुलाबाच्या वाफ्यापाशी नुसते लोखंडी पाय उभे, वर काही नाही. बागेच्या साहेबांना त्यांनी हात धरून आणायचंच तेवढं बाकी ठेवलं.

साहेब वयानं तसे लहान, पण नाकासमोर चालणारे. त्यांनी बाकं साखळीनं एकमेकांना बांधून घेतली. बोल्टच्या डोक्यांवर डांबर लावून घेतलं. फळ्यांच्या पाठीमागं बागेची निशाणी डागून घेतली, म्हणजे भंगारात विकायला गेलं तर ओळखू यावं. तरी चोऱ्या थांबेनात. डांबर कुणीतरी स्वच्छ खरवडून काढायचं नि बोल्ट काढून न्यायचं.

"कुणावर संशय?" साहेबांनी विचारलं.

काकूंनी विचार केला तो फार थोडा. बागेच्या फाटकाबाहेर रोज एक भंगारवाला हातगाडी लावायचा. सकाळभर फिरून आला की आतल्या पहिल्या बाकावर बसून डबा खायचा, काकूंकडे पाणी मागायचा. वर्षानुवर्षांची ओळख. त्याच्या गाडीत कायम लोखंड.

"तोच असणार," काकू म्हणाल्या. "दुसरं कोण नेणार लोखंड?"

दुसऱ्याच दिवशी साहेबांची माणसं आली. भंगारवाल्याची गाडी उलटी केली. तिच्यात बागेतलं काही निघालं नाही, तरी गाडी ओढत नेऊन ऑफिसच्या आवारात टाकली आणि त्याला पुन्हा इथं दिसायचं नाही म्हणून बजावलं. तो काकूंकडे वळला. "काकू, बाकीचे म्हणू देत," तो म्हणाला. "तुम्ही तरी म्हणू नका." काकूंनी तोंड फिरवलं. त्यांना वाटलं, चोर असाच गरीब चेहरा करतो.

त्यानंतरच्या आठवड्यात भर दुपारी गॅसवाल्यानं दार ठोठावलं. काकू डोळे चोळत उठल्या. सिलिंडर आत घेतला नि बघतात तर शेजारची गादी रिकामी. मोरीत नाहीत, अंगणात नाहीत. दाराजवळच्या खिळ्यावर बागेच्या मागच्या फाटकाची किल्ली असायची, तीही नाही.

काकू अनवाणीच धावल्या. मागचं फाटक नुसतं लोटलेलं होतं. बंद बागेत चिटपाखरू नव्हतं. आणि मग त्यांना ती चाल ऐकू आली.

वेताच्या बेटापलीकडल्या बाकाखाली पोतं अंथरलेलं होतं. पोत्यावरून मिस्त्रींचे दोन पाय बाहेर आलेले. जवळच पान्यांची पिशवी, आणि कापडाच्या तुकड्यावर काढलेले बोल्ट लहानमोठे लावून ठेवलेले, डांबर पुसून लख्ख केलेले.

काकूंची चाहूल लागली तशी मिस्त्रींनी बाकाखालून डोकं बाहेर काढलं. कपाळावर घाम, केसांत वाळकी पानं, आणि चेहऱ्यावर असा आनंद की काकूंनी तो किती वर्षांत पाहिला नव्हता.

"बरं झालं आलीस," ते म्हणाले. "ते टोक धर. याची फळी सडलीय, कारखान्यात न्यायची."

फळी चांगली ठणठणीत होती. काकूंनी तिच्याकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं, खाली वाकल्या आणि ते टोक धरलं.

दोघांनी मिळून फळी शेडमध्ये नेली. खताच्या पोत्यांमागं मिस्त्रींनी जागा करून ठेवली होती. बागेतून गेलेलं सगळं तिथं होतं. फळ्या भिंतीला टेकवून उभ्या, बोल्ट कुंड्यांमध्ये मापाप्रमाणं वेगळे. एक खिळाही बाहेर गेलेला नव्हता. मिस्त्रींनी हात झटकले. "उद्या रंधून घेतो," म्हणाले. घराकडे जाताना त्यांनी विचारलं, "तू इथंच कामाला आहेस का?"

दुसऱ्या दिवशी काकूंनी किल्ली पिठाच्या डब्यात लपवली. दुपारी मिस्त्री खिळ्यापाशी उभे राहिले. खिळा चाचपला, भिंत चाचपली. मग दार धडाधडा हलवायला लागले. "उशीर झालाय," ते म्हणायला लागले. "अगं, उशीर झालाय, माणसं यायची बसायला, साहेब रागावतील." काकूंनी समजूत घातली, दटावलं, शपथ घातली. मिस्त्री जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही जेवले नाहीत. तिसऱ्या दिवशी ते उंबऱ्यावर बसून लहान मुलासारखे हुंदके देत राहिले आणि काकूंनी हात टेकले. किल्ली पुन्हा खिळ्यावर आली.

मग त्या बाईनं जे केलं ते तिला तेव्हा शहाणपणाचं वाटलं. दुपारी मिस्त्री जायचे तर त्या सोबत जायच्या. ते काढतील ते काढू द्यायच्या, टोक धर म्हटलं की धरायच्या. आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच, फाटक उघडायच्या आधी, शेडमधून फळ्या नि बोल्ट काढून एकट्यानं पुन्हा बसवायच्या. एका दुपारी एकच बाक, संध्याकाळी कुणी विचारलं तर दुरुस्तीला काढलंय म्हणायचं, साहेबांची फेरी सकाळीच असायची, ते जमण्यासारखं होतं. दुपारची झोप गेली. डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली. माळीणबाई म्हणाल्या, "अहो, आरशात बघा जरा. तुम्हालाच बाक लागेल आता."

साहेब खूश झाले. "बघा काकू, भंगारवाल्याला हाकलला नि चोऱ्या बंद!" काकू मान हलवून निघून आल्या. त्या माणसाची उलटी पडलेली गाडी ऑफिसच्या आवारात रोज दिसायची. काकूंनी त्या बाजूनं जाणंच सोडलं.

खरं सांगायचं तर ते दिवस त्यांच्या आयुष्यातले वाईट दिवस नव्हते. दुपारच्या निवांत बागेत दोघंच असायची. मिस्त्री बाकाखाली, काकू गवतावर पाय पसरून. मिस्त्री हात बाहेर काढायचे, काकू नेमका हवा तो पाना हातावर ठेवायच्या. घरात त्यांना भांडं कुठलं नि तांब्या कुठला कळत नव्हतं, पण इथं बोटं अजून चोख चालायची. कधी कधी ते काकूंना नावानं हाक मारायचे. घरात ते नाव कधीच गेलं होतं.

पण बाक सोडवणं वेगळं आणि आवळणं वेगळं. काकूंनी जन्मभर फळीचं टोक धरलं होतं, पाना कधी फिरवला नव्हता. मनगटात तेवढा जोर नव्हता, आणि हळूहळू थकव्यानं असलेलाही जोर कमी होत गेला. हाताला लागेल तेवढं त्या आवळायच्या, फळी हलवून बघायच्या आणि फाटकाकडे धावायच्या.

हौदाजवळच्या बाकावर रोज सकाळी एक आजी विणत बसायच्या. एकट्या राहायच्या. लोकरीचा गुंडा मांडीवर, दोन सुया, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला "थंडी वाढली नाही?" एवढं विचारायचं. त्या सकाळी त्या नेहमीसारख्या पाठ टेकून बसल्या. पाठीची फळी मागच्या मागं निसटली. आजी पाठीवर पडल्या, खाली फरशीची कड होती.

काकू पोहोचल्या तेव्हा आजी डोळे उघडे ठेवून आभाळाकडे बघत होत्या. त्यांना हलता येत नव्हतं. बोल्ट गवतात पडला होता. काकूंनी तो पाहिला, आपल्या हातानं लावलेला.

कमरेचं हाड मोडलं होतं. आजींना नेलं, गर्दी पांगली, आणि साहेबांनी काकूंना ऑफिसात बोलावलं. ते रागानं लाल झाले होते. "आता नाही सोडत त्याला. गाडी नेली म्हणून डूख धरून केलं त्यानं हे. पोलिसांना फोन करतोय. म्हातारं माणूस आयुष्यातून उठलं असतं!"

त्यांनी फोन उचलला.

"साहेब," काकू म्हणाल्या, "त्याला धरू नका. ते बाक मी आवळलं होतं."

"तुम्ही? तुम्ही कशाला?"

"यांनी सोडवलं म्हणून."

साहेबांना काही उमजेना. मग काकूंनी सगळं सांगितलं, शेड, किल्ली, दुपारी, सकाळी. साहेबांनी फोन खाली ठेवला.

"आपले मिस्त्री?" ते हळूच म्हणाले. नोकरीला लागले तेव्हा त्यांची खुर्ची मिस्त्रींनीच दुरुस्त करून दिली होती. "काकू, आधी का नाही आलात?"

"आले असते तर तुम्ही त्यांना थांबवलं असतं."

"थांबवायलाच हवं होतं."

"हो," काकू म्हणाल्या. "आता थांबवा. त्यांना सुटणार नाहीत असे बोल्ट लावा."

साहेबांनी खणातून एक नमुना काढला. चोरांसाठी म्हणून त्यांनी तो आधीच मागवून ठेवला होता. डोकं गोल, वाटाण्यासारखं गुळगुळीत. पाना पकडेल असा एकही कोपरा त्याला नव्हता. फिरवायची चावी वेगळी, ती फक्त ऑफिसात राहणार. काकूंनी तो बोल्ट हातात घेऊन बोटानं चाचपला आणि परत टेबलावर ठेवला. "चांगला आहे," त्या म्हणाल्या आणि तिथंच, उभ्या उभ्या, रडायला लागल्या.

चौकशी झाली. साहेबांनी शब्द टाकला म्हणून नोकरी वाचली, ठपका मात्र बसला. भंगारवाल्याची गाडी सोडून दिली. काकू त्याचं घर शोधत गेल्या. तो दाराशी बसून तारेचं वेटोळं सोलत होता. काकूंनी हात जोडले, सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. मिस्त्रींचं ऐकून त्याला खरंच वाईट वाटलं. "बिचारा माणूस," म्हणाला. बायकोला सांगून काकूंना पाणी दिलं.

"येत जा पुन्हा," काकू म्हणाल्या. "डबा खायला."

"नाही काकू," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. "गाडी मिळाली, झालं. पण पाणी तुमच्याच हातचं पीत होतो ना मी. आता तिथं बसलो तर घास नाही उतरायचा." आणि त्यानं पुन्हा तार हातात घेतली.

आजींना भेटायला काकू दवाखान्यात गेल्या, त्यांनाही खरं काय ते सांगितलं. आजी गुंगीत होत्या की जाग्या, समजत नव्हतं. मग त्या म्हणाल्या, "माझी लोकर पडली असेल तिथं. निळी." काकूंनी बागेत जाऊन झुडपांखाली, हौदाच्या कडेनं, सगळीकडे शोधलं. लोकर मिळाली नाही. आजींना त्यांचा भाचा आपल्या गावी घेऊन गेला. त्या पुन्हा चालू शकल्या की नाही, काकूंना कळलं नाही.

नवे बोल्ट सगळ्या बाकांना बसले त्या दिवशी साहेब म्हणाले, "काकू, आज मिस्त्रींना नका नेऊ." पण किल्ली लपवल्यावर काय होतं ते काकूंनी पाहिलं होतं. त्या मिस्त्रींना घेऊन गेल्या.

मिस्त्रींनी पोतं अंथरलं, उताणे झाले, आत सरकले. हात बाहेर आला. काकूंनी पाना दिला. तो घसरल्याचा आवाज आला. पुन्हा घसरला. हात बाहेर आला, काकूंनी दुसरा पाना दिला. मग तिसरा. मग पक्कड. गुणगुणणं थांबलं होतं.

मिस्त्री बाहेर आले. पुढच्या बाकाकडे गेले, तिथं पोतंही न अंथरता जमिनीवर झोपले. तिथंही तेच. पाना निसटून त्यांच्या बोटांची सालं निघाली. काकू त्यांच्या दंडाला धरून म्हणाल्या, "अहो, राहू द्या. बोल्टच नवे आहेत. ते कुणालाच सुटत नाहीत."

मिस्त्रींनी त्यांच्याकडे पाहिलं. मग स्वतःच्या हातांकडे, पालथे करून, उताणे करून. "नाही," ते म्हणाले. "बोल्ट बरोबर आहेत. हातच गेले माझे."

"नाही हो."

"गेले," ते म्हणाले, जसं काही ही गोष्ट त्यांना इतके दिवस कुणीतरी सांगायची टाळली होती. पाने एकेक करून त्यांनी पिशवीत भरले, पिशवी काकूंच्या हातात दिली आणि घरी आले. त्यानंतर त्यांनी किल्ली मागितली नाही. दुपार झाली तरी ते खिळ्याकडे बघत नसत. काकूंनी एकदा मुद्दाम पाना त्यांच्या हातात ठेवला, तर त्यांनी तो परक्याची वस्तू असल्यासारखा जपून टेबलावर ठेवला.

मग सगळं फार भरभर गेलं. आधी चालणं, मग घास गिळणं, मग शब्द. काकूंना ते "बाई" म्हणायला लागले. मोठ्या अदबीनं विचारायचे, "बाई, तुमच्या घरी वाट बघत असतील ना?" काकू म्हणायच्या, "बघू देत. बसते अजून जरा." ते समाधानानं मान हलवायचे. नंतर तेही थांबलं. थंडीच्या शेवटाला, भर दुपारी, बाग बंद असताना ते गेले. काकू शेजारीच होत्या.

मुलगी आली, जावई आला. माळीणबाईंनी स्वयंपाकघर सांभाळलं. साहेब येऊन बसून गेले. घर मोकळं झाल्यावर मायलेकी एकमेकींसमोर बसल्या. मुलगी म्हणाली, "आई, इथं एकटी काय करणार? चल माझ्याकडे."

"बघू," काकू म्हणाल्या.

मुलगी बोटातली अंगठी फिरवत राहिली. मग खाली मान घालून तिनं विचारलं, "शेवटी काही बोलले का गं बाबा? माझ्याबद्दल काही?"

मिस्त्रींच्या तोंडून महिनाभर शब्द निघाला नव्हता. आपल्याला मुलगी आहे हे तर ते त्याच्याही किती आधी विसरले होते.

"तुझं नाव घेतलं," काकू म्हणाल्या. "दोनदा."

मुलगी आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. काकू तिच्या केसांवरून हात फिरवत बसल्या. बाहेर चार वाजत आले होते. फाटकापाशी माणसं जमल्याचा आवाज येत होता, कुणीतरी सळ्यांवर हात वाजवत होतं. काकूंनी लेकीचं डोकं हलकेच उचलून उशीवर ठेवलं, तोंडावर पाणी मारलं आणि बाग उघडायला गेल्या.